गोवा परदेश होता तेव्हा: चार दिवसांची स्वस्त ट्रिप आणि एक पुसलेली सीमा

ज्यांना ऐकायला वेळ आहे त्यांनी हेडफोन लावा. ज्यांना नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा इथं लिहून देतोय. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, मधले "म्हणजे, म्हणजे" तेवढे काढलेत.

आजचा विषय ट्रिपचा. कमी पैशात, चार दिवसांत एक छोटा देश बघून यायचा. देश कसा आहे? पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री, मधे नद्या आणि खाड्या. क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. आपला बुलढाणा जिल्हा साडेनऊ हजारांच्या वर आहे, म्हणजे हा अख्खा देश आपल्या जिल्ह्यात दोनदा बसवला तरी वर जागा उरेल. पासपोर्ट नको, व्हिसा नको, भुसावळहून रोज थेट गाडी.

ओळखलंच असेल. गोवा.

आता कोणी म्हणेल, गोवा कायले देश होतो बाप्पा? राज्य आहे ते. आज आहे. पण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यावर पोर्तुगालचं राज्य होतं. भारत स्वतंत्र होऊन चौदा वर्षं उलटली, आपल्याकडे दोन लोकसभा निवडणुका होऊन गेल्या, तरी सावंतवाडीच्या खाली गेलं की दुसऱ्या देशाचा झेंडा, दुसऱ्या देशाची पोलीस चौकी आणि दुसऱ्या देशाच्या नोटा. तुमच्या घरातल्या आजोबांना विचारा, त्यांच्या शाळेच्या वयातली ही गोष्ट आहे.

मला या भागात एवढंच बघायचंय: त्या काळात आपल्यासारख्या माणसाला गोव्याला जायचं असतं तर काय लागलं असतं? आणि आज काहीच लागत नाही, याची किंमत कोणी दिली? शेवटी आजच्या ट्रिपचा आराखडा पण देतो. बीचची यादी मात्र माझ्याकडून मिळणार नाही, ती तुमच्या रील्समध्ये भरपूर आहे.

आधी सीमा कशी पडली ते बघू

पोर्तुगीज सेनापती आफोंसो द आल्बुकर्क यानं १५१० साली विजापूरच्या आदिलशहाकडून गोवा शहर घेतलं. आधी घेतलं, मग दोन-तीन महिन्यांत गमावलं, आणि २५ नोव्हेंबर १५१० ला पुन्हा जिंकलं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पण अख्खा गोवा त्यांच्या हातात एका दमात गेला नाही. सोळाव्या शतकात त्यांच्याकडे तिसवाडी, बारदेश आणि साष्टी एवढाच किनाऱ्याकडचा भाग होता. याला जुन्या काबिजादी म्हणतात. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण हे डोंगराकडचे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या ताब्यात गेले, त्या नव्या काबिजादी. म्हणजे किनाऱ्याच्या आणि डोंगराच्या गोव्यात जवळजवळ दोनशे वर्षांचं अंतर आहे.

हे अंतर आजही डोळ्यांनी दिसतं. गोव्यातली मोठी, जुनी मंदिरं फोंडा तालुक्यात एका जागी का जमलीत? मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, सगळी तिथंच. कारण सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी आपल्या हद्दीतली देवळं पाडायला सुरुवात केली, आणि लोकांनी देव उचलून नदीपलीकडे नेले. मंगेशाची मूळ जागा कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी. तिथून १५६० च्या सुमारास देव झुआरी नदी ओलांडून प्रियोळला आला. तेव्हा फोंडा आदिलशाहीत होता. विजापूरच्या सुलतानाच्या हद्दीत गेलो की देव वाचतो, असा तो काळ होता. इतिहास आपण व्हॉट्सॲपवर वाचतो तितका सरळ नसतो, तो असा.

मराठ्यांनीही ही सीमा हलवून बघितली. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. संभाजी महाराजांनी १६८३ च्या शेवटी गोव्यावर अशी मोहीम काढली की पोर्तुगीज व्हाइसरॉयला राजधानी हातची जाते की काय असं वाटलं. पण सीमा टिकली.

इंग्रजांच्या काळात: गाडी मिळते, पण बॅग उघडावी लागते

आता ट्रिपकडे येऊ. समजा साल १९३० आहे, आणि वऱ्हाडातल्या एका माणसाला गोव्याला जायचंय. मंगेशी किंवा शांतादुर्गा कुळदैवत असलेली कुटुंबं महाराष्ट्रभर होती, त्यामुळे असे लोक जात असत. तो कसा जाईल?

दोन रस्ते. एक, मुंबईहून आगबोट. कोकणातली बंदरं घेत घेत पणजीला. दुसरा रेल्वेचा, आणि त्याची गोष्ट मजेशीर आहे.

१८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात एक करार झाला. १८८० पासून बारा वर्षं दोन्ही मुलखांमधली जकात उठवायची आणि मुरगाव बंदरापासून घाट चढून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे टाकायची, असं त्यात ठरलं. त्याच करारानं गोव्यातल्या मिठागरांवर इंग्रजांचं नियंत्रण आलं, आणि मीठ काढून जगणाऱ्या लोकांचे हाल झाले. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला खारं पाणी शापासारखं वाटतं, तिथं त्याच खाऱ्या पाण्यावर गावं जगत होती. असो. १८८० च्या दशकात मुरगाव ते कॅसलरॉक ही मीटरगेज लाइन तयार झाली. दूधसागर धबधब्यासमोरून जाते ती हीच. बारा वर्षं संपली, करार पुढे चालू ठेवला गेला नाही, जकात परत आली, रेल्वे मात्र राहिली.

मग आपला १९३० चा प्रवासी शेगावला गाडीत बसणार. पुण्याला उतरून मीटरगेजची गाडी पकडणार, कारण तेव्हा पुण्याहून खाली मिरज, बेळगाव, लोंढा सगळं मीटरगेज होतं. लोंढ्याहून कॅसलरॉक. इथं ब्रिटिश हद्द संपली. घाट उतरून कुळे, तिथं पोर्तुगीज जकात नाकं. सामान उघडा, काय आणलंय दाखवा. पुढे गेल्यावर पैसे बदला, कारण तिथला रुपयाही वेगळा. त्याचे सोळा टंगे होत. १९५९ पासून तर त्यांनी तो रुपयाच काढून पोर्तुगालसारखा एस्कुडो आणला.

त्रास होता, पण रस्ता उघडा होता. आणि उलट्या दिशेनं तर रोज माणसं येत होती. गोव्याची हजारो मुलं-माणसं मुंबईत स्वयंपाकी, खलाशी, वादक, कारकून म्हणून काम करत. त्यांच्यासाठी धोबीतलाव, माझगाव भागात 'कूड' असायचे. प्रत्येक गावाचा आपापला कूड: एक मोठी खोली, भिंतीला लागून पेट्या, नाममात्र भाडं. जहाजावर नोकरी मिळेपर्यंत तिथं पडून राहायचं. आज आपण हॉस्टेलमध्ये बंक बेड बुक करतो, ती कल्पना गोवेकरांनी मुंबईत कितीतरी आधी राबवली होती. गायनाचं तर विचारूच नका. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीत जन्मलेले दीनानाथ मंगेशकर, सगळे हीच सीमा ओलांडून आले. सीमा नकाशावर होती, माणसांच्या येण्याजाण्यात ती अजून शिरली नव्हती.

१९४६ ते १९५४: रस्ता अरुंद होत गेला

१८ जून १९४६. धो धो पाऊस. मडगावात डॉ. राममनोहर लोहिया सभेला उभे राहिले. ते मुळात गोव्यात आले होते आपले मित्र डॉ. जुलियाव मिनेझिस यांच्याकडे, असोळण्याला, विश्रांतीसाठी. म्हणजे तीही एक छोटी ट्रिपच होती. गोव्यात तेव्हा परवानगीशिवाय सभा घेता येत नव्हती, सालाझारच्या हुकूमशाहीत छापायच्या आधी मजकूर तपासला जायचा. लोहियांना पकडलं, पण लोकांच्या मनातली भीती त्या दिवशी ढिली झाली. गोव्यात आजही १८ जून क्रांतिदिन म्हणून पाळतात आणि पणजीतल्या एका मुख्य रस्त्याचं नावच 'अठरा जून रस्ता' आहे.

१९४७ मध्ये इंग्रज गेले. पोर्तुगाल गेलं नाही. उलट १९५१ मध्ये त्यांनी घटना बदलून गोव्याला 'वसाहत' म्हणणं बंद केलं आणि 'सागरापलीकडचा प्रांत' म्हणायला सुरुवात केली. डेटाबेसमध्ये फक्त लेबल बदलावं आणि म्हणावं की बग गेला, तसं. भारतानं १९४९ मध्ये लिस्बनला वकिलात उघडली होती, बोलणी करून बघितली, काही हललं नाही, १९५३ मध्ये ती बंद केली.

१९५४ हे वळणाचं वर्ष. जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली स्वयंसेवकांनी मोकळं केलं. त्या लढ्यात आपले संगीतकार सुधीर फडके पण होते. त्याच वर्षी भारतानं गोव्यातून येण्याजाण्यावर परवान्याची अट घातली. म्हणजे आता नुसती बॅग उघडून भागणार नव्हतं, कागद लागणार होता.

पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. दावा काय, तर दमणहून दादरा-नगरहवेलीत जायला आम्हाला भारताच्या जमिनीवरून वाट मिळालीच पाहिजे. खटल्याचं नावच 'मार्गाचा हक्क'. १९६० मध्ये निकाल लागला: साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी असा हक्क होता, सैन्यासाठी नव्हता, आणि भारतानं काही नियम मोडला नाही. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचा हक्क कोणाला, यावर जगातलं सगळ्यात मोठं न्यायालय चार वर्षांहून जास्त विचार करत होतं. आपण तेवढ्या वेळात तीनदा गोव्याला जाऊन येतो.

१५ ऑगस्ट १९५५

पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती झाली होती. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी सीमा ओलांडून गेली. सेनापती बापट तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. मार बसला, गोऱ्यांना लांबलचक शिक्षा झाली, आग्वादच्या किल्ल्यात तुरुंगवास झाला. मग तुकड्यांमागून तुकड्या.

आणि १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही एकाच दिवशी वेगवेगळ्या ठिकाणांहून गोव्यात शिरले. हातात झेंडा, बाकी काही नाही. काही पत्रादेवीला, म्हणजे आज सिंधुदुर्गातून पेडण्यात शिरतो त्या जागी. काही कॅसलरॉकच्या बाजूनं, रेल्वेच्या रुळांवरून चालत. पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. वीसहून जास्त माणसं मेली.

आता एक गोष्ट खास आपल्यासाठी. १९५५ मध्ये आपला बुलढाणा जिल्हा महाराष्ट्रात नव्हता. महाराष्ट्र हे राज्यच नव्हतं. आपण होतो मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. आपण मुंबई राज्यात गेलो १ नोव्हेंबर १९५६ ला. म्हणजे त्या ऑगस्टमध्ये वरवट बकालहून निघालेला माणूस मध्य प्रदेश सोडून मुंबई राज्यात, तिथून परदेशात गेला असता. पत्रादेवीला त्या दिवशी झेंडा घेऊन पुढे चालत होत्या सहोद्राबाई राय. गाव सागरकडचं, म्हणजे आपल्याच तेव्हाच्या राज्यातलं. त्यांच्या हाताला गोळी लागली. झेंडा घ्यायला पुढे आला कर्नैल सिंग बेनीपाल, पंजाबातल्या ईसडू गावचा तरुण शिक्षक. त्याच्या छातीत गोळी लागली आणि तो तिथंच गेला.

सागरची बाई, पंजाबचा पोरगा. दोघांपैकी कोणाचंही कुळदैवत गोव्यात नव्हतं, नातेवाईक नव्हते. समुद्र तरी त्यांनी आधी कधी पाहिला होता की नाही, कोण जाणे. शेवटच्या दिवशीही तो त्यांच्यापासून काही मैलांवर होता. मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

यानंतर दार पूर्ण बंद झालं. भारत सरकारनं गोव्यातली आपली वकिलात बंद केली, कॅसलरॉक-कुळे रेल्वे थांबली, माल जायचा थांबला, आणि सत्याग्रहींनाही सीमेपलीकडे जाऊ देणं सरकारनं थांबवलं. मुंबईत कमावणाऱ्या गोवेकराला घरी पैसे पाठवणं कठीण होऊन बसलं. ज्या कुटुंबाचा अर्धा भाग गिरगावात आणि अर्धा म्हापशात, त्यांच्या लग्नाला, मयताला जाणंसुद्धा परवान्यावर आलं. सरकारला वाटलं होतं की नाकेबंदीनं पोर्तुगाल वाकेल. पोर्तुगालनं दाबोळीला विमानतळ बांधला, कराचीपर्यंत विमानं सुरू केली, बटाटे हॉलंडहून मागवले, लोहखनिज जपानला विकलं. नाकेबंदीचा चिमटा बसला तो जास्त करून साध्या माणसालाच.

जंगलातला पॉडकास्ट

आता आपल्या धंद्यातली गोष्ट. गोव्यात वर्तमानपत्रांवर पहारा, सीमा बंद. मग बातमी आत कशी पोचवायची? वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी जंगलातून एक रेडिओ केंद्र चालवलं. सुरुवात आंबोलीच्या रानात, मग कॅसलरॉककडे. पहिलं प्रसारण २५ नोव्हेंबर १९५५. आठवली का तारीख? आल्बुकर्कनं शहर जिंकलं तीच, ४४५ वर्षांनी. कोंकणी आणि पोर्तुगीज भाषेत रोज बोलायचं, लिस्बनच्या प्रचाराला उत्तर द्यायचं. पावसाळ्यात सह्याद्रीचं जंगल म्हणजे काय, ते आंबोलीला गेलेल्यांना माहीत आहे. जळवा, साप, ओले कपडे. सहा वर्षं हे चाललं. सबस्क्रायबर किती, ऐकतं कोण, काही कळायला मार्ग नाही. आम्ही दोन भाग टाकून आकडे बघत बसतो.

१७ डिसेंबर १९६१ च्या रात्रीपासून भारतीय सैन्य आत शिरलं, आणि १९ डिसेंबरच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्व्हा यांनी शरणागती दिली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता, तो त्यांनी मानला नाही. त्यामुळे पणजी शहर आणि कितीतरी जीव वाचले. वामन आणि लिबिया यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर गोव्याला ती बातमी सांगितली. नंतर दोघांनी लग्न केलं. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री मिळाली.

सगळ्यांची सुटका मात्र त्या दिवशी झाली नाही. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात मराठी शिकवायला गेले होते, आझाद गोमंतक दलात सामील झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. त्यांना पोर्तुगालला नेलं, लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगात ठेवलं. गोवा मोकळा झाला तेव्हा ते तिथंच होते. सुटले जानेवारी १९६९ मध्ये. गोव्यात पर्यटक येऊ लागले होते, विधानसभेच्या दोन निवडणुका झाल्या होत्या, आणि ज्यानं त्यासाठी गोळी खाल्ली तो आठ हजार किलोमीटरवर कोठडीत बसलेला. २०१९ मध्ये ते गेले.

"गोवा आपलाच" म्हणण्याआधी

इथपर्यंत ऐकून छाती फुगली असेल तर जरा थांबा. पुढचा भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो.

मुक्तीनंतर प्रश्न आला: आता गोव्याचं करायचं काय? आपल्याकडे बहुतेकांना वाटत होतं, महाराष्ट्रात घ्या. गोव्यातही दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष तेच म्हणत होता, आणि तो पक्ष निवडूनही आला होता. विरोधात होता डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स. शेवटी १६ जानेवारी १९६७ ला लोकांनाच विचारलं. महाराष्ट्रात जायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. स्वतंत्र भारतात असं जनमत कौलाचं मतदान फारसं झालेलंच नाही.

निकाल: दोन पानं १,७२,१९१, फूल १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा.

म्हणजे ज्या लोकांनी पोर्तुगालला नको म्हटलं, त्यांनीच आपल्यालाही हात जोडून नको म्हटलं. भांडण नव्हतं. मराठी तिथं देवळात होती, नाटकात होती, शाळेत होती, आजही आहे. पण घरात बोलतो ती कोंकणी, आपला निर्णय आपण घेऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८७ मध्ये कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराची सोय ठेवली गेली, आणि ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं. विदर्भातल्या आपल्या लोकांना हे कळायला खरं तर सोपं जायला पाहिजे. दूरच्या राजधानीतून आपल्यावर निर्णय होतात तेव्हा कसं वाटतं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलोय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: गोव्याला पाहुण्यासारखं जा. माणसानं जीव देऊन जी सीमा मोडली, तिथून आज आपण झोपेत पार होतो, ही चांगलीच गोष्ट आहे. त्यासाठीच तर मोडली. पण ती सीमा मोडली म्हणून ती जागा आपली मालकीची झाली नाही.

आणि सीमा पूर्ण मेली असंही नाही. १९६१ आधी गोव्यात जन्मलेल्या माणसाला आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, आणि बरेच गोवेकर ते घेऊन युरोपात कामाला गेलेत. एके काळी ज्या कागदानं रस्ता बंद केला, त्याच देशाचा कागद आज कोणाचा तरी रस्ता उघडतोय.

आता आराखडा

कधी जायचं: ऑगस्ट. पावसाळ्यात राहायची जागा स्वस्त मिळते. १८ जूनला मडगावात असणं भारी, पण पेरणी सोडून जूनमध्ये कोण जातं? ऑगस्टमध्ये डवरणी-निंदण उरकलेलं असतं, पोळा पुढे असतो. समुद्रात मात्र उतरायचं नाही, पावसाळ्यात तो जीव घेतो.

कसं जायचं: शेगावहून भुसावळ, तिथून निजामुद्दीन-वास्को गोवा एक्स्प्रेस. मनमाड, पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक, कुळे, मडगाव. १९३० च्या माणसाचा पुण्यापासूनचा हाच रस्ता, फक्त आता ब्रॉडगेज आणि गाडी बदलायची गरज नाही. जाताना घाट मध्यरात्रीनंतर येतो. येताना गाडी दुपारी निघते, म्हणून दूधसागर आणि कॅसलरॉक उजेडात बघायचे तर परतीच्या प्रवासाला खिडकी धरा. निघण्याआधी वेळा एकदा तपासा. स्लीपरचं तिकीट लवकर काढा, ट्रिपमधली सगळ्यात मोठी बचत तीच.

पहिला दिवस: मडगाव. स्टेशनवरून लोहिया मैदान. तिथं पाच मिनिटं उभं राहा, पाऊस असेल तर जास्तच बरं. पैसे शून्य.

दुसरा दिवस: कदंब महामंडळाच्या बसनं फोंडा. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे. लोकल बसनं एका दिवसात होतात. दर्शन घेताना आठवा, हे देव इथले नव्हते, निर्वासित होऊन आलेत. जमलं तर तिथून जुनं गोवं, बॉम जेझूची बासिलिका बघायला तिकीट नाही.

तिसरा दिवस: पणजी. अठरा जून रस्ता चाला, मग मांडवीच्या काठावरून बेतीची फेरीबोट पकडा. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. रानडे पकडले गेले ते हेच बेती. तिथून बसनं कांदोळीकडे, आग्वाद. जुन्या तुरुंगात आता स्वातंत्र्यलढ्याचं संग्रहालय आहे. या दिवसाचा तिकिटाचा खर्च काय तो तेवढाच.

चौथा दिवस: सकाळी पेडण्याच्या बाजूनं पत्रादेवी. हुतात्मा स्मारक हायवेलगत आहे. गाड्या भर्रकन जातात, कोणी थांबत नाही. तुम्ही थांबा. हा दिवस १५ ऑगस्ट असेल तर उत्तमच. मग पाचव्या दिवशी दुपारची गाडी.

जेवण: जिथं रिक्षावाले, बसचे कंडक्टर जेवतात तिथं जेवा. मासे खाणाऱ्यांनी फिश थाळी, माळकऱ्यांनी भाजी-पाव. पाव पोर्तुगिजांचाच, तो मात्र सगळ्यांनी ठेवून घेतला.

एक शेवटचं. ज्या गव्हर्नर व्हासालो ए सिल्व्हानं शरणागती दिली, त्याला पोर्तुगालनं सैन्यातून काढून टाकलं होतं. तिकडे १९७४ मध्ये क्रांती झाली, तेव्हा त्याचा मान परत मिळाला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी पोर्तुगालनं गोवा भारताचा असल्याचं करारानं मान्य केलं. १९८० मध्ये तो म्हातारा माणूस गोव्यात आला, पाहुणा म्हणून. गोव्याच्या लोकांनी त्याचं नीट स्वागत केलं.

जिथं शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नरसुद्धा पाहुणा म्हणून येऊन जाऊ शकतो, तिथं आपल्याला काय अडचण आहे? तिकीट काढा. आणि पत्रादेवीला थांबलात तर फोटो मला पाठवा.

भेटू पुढच्या भागात.